पाण्यातून वर येताना

नमस्कार श्रोतेहो.

मी विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला डबा बांधला, थोरल्या भावानं काठावरून ढकललं, आणि चार दिवसांत पोहणं आलं. मग दम कोंडून तळ गाठायचा आणि मूठभर चिखल वर आणून दाखवायचा, ही आमची पैज. आपल्या कोल्हापुरात असे पाण्यातले गडी घरोघरी आहेत. इथलाच वीरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. त्यामुळं स्कूबा डायव्हिंग शिकायला तारकर्लीला गेलो, तेव्हा मनात होतं, आता आपल्याला आणखी काय शिकवणार? पहिल्याच दिवशी कळलं, विहिरीतली एक सवय मोडायला हवी. दम कोंडायचा नाही.

पाण्यात दर 10 मीटरला वरच्या हवेइतका दाब वाढत जातो. 20 मीटरवर तो तिप्पट होतो. तिथं पाठीवरच्या टाकीतली हवा छातीत भरून घेतली आणि दम धरूनच वर सुटलात, तर ती हवा तिप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास संथ, पण सतत चालू ठेवायचा.

पुढचे धडे पुरे झाल्यावर आम्ही एका बुडालेल्या ट्रॉलरवर उतरलो. खलाशी सगळे वाचले होते, बोट तेवढी गेली, असं आमच्या तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्यानं, आधीच सांगितलं. ते ऐकलं नसतं तर मला तिथं हात लावायचं धाडस झालं नसतं. नारळी पौर्णिमेला जिला हार घातला जायचा, ती कुणाच्या तरी पोटापाण्याची बोट होती ती.

गढूळ हिरव्या पाण्यात आधी काहीच दिसेना. मग एकदम समोर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आली, भिंतीसारखी. सगळी करडी. खोलवर लाल रंग पोहोचतच नाही, पाणी तो आधीच पिऊन टाकतं. मी बॅटरी लावली आणि त्या करड्या फळीवर लालभडक रंगाचा पट्टा उजळला. कुणीतरी हातानं, ब्रशनं ओढलेला. त्याच्यावर कालवं चिकटलेली, आणि खालच्या कपारीतून एक गोबरा मासा तोंड उघडझाप करत माझ्याकडं बघत होता. मासे धरायला बांधलेल्या बोटीत मासेच राहायला आले होते.

मासळी ठेवायच्या खणात मात्र आम्ही शिरलो नाही. बोटीवर जुनं नायलॉनचं जाळं अजून लोंबत होतं. ते कुजत नाही, आणि त्याला मासा काय, माणूस काय, सारखाच. कमरेला सुरी असते ती त्याचसाठी. वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय बुडालेल्या बोटीच्या पोटात कुणीही जाऊ नये, हे मी अगदी कळवळून सांगतो.

आणि वर येणं. खालच्या दाबात नायट्रोजन रक्तात विरघळतो. घाईनं वर आलात, तर सोड्याची बाटली फोडल्यासारखे त्याचे बुडबुडे अंगात सुटतात. सांधे धरतात, कधी माणूस लुळा पडतो. म्हणून मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि शेवटी 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं.

आता खास आपल्यासाठी. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, आणि वाटेतला घाटमाथा त्याहूनही वर. डायव्हिंगच्या हिशेबात 300 मीटरच्या वर गेलात, की तुम्ही उंचीवरच गेलात. हवेचा दाब कमी होतो, आणि अंगात उरलेला नायट्रोजन पुन्हा उसळू शकतो. एका डाइव्हनंतर 12 तास, जास्त डाइव्ह झाल्या तर 18 तास विमानात बसू नका, असं सांगतात. तोच नियम मी घाटाला लावतो. दुपारी डाइव्ह, संध्याकाळी मासे-भात आणि रात्री घरी, असा आपल्या मंडळींचा बेत असतो. तो नको.

माझे सोबती कुरकुरले, पण आम्ही मालवणला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी करूळ घाट चढून गगनबावड्याला लागली, तेव्हा कुठं, माझ्या लेखी, मी पाण्यातून वर आलो.