मक्याचं इंधन आणि गवताची पट्टी

(ड्रोन शॉट. आयोवा, ऑक्टोबर महिना)

हे जे लांबपर्यंत पिवळं पडलेलं दिसतंय ना, तो सगळा मका आहे, ताटावरच वाळलेला, काढणीला आलेला. अमेरिकेतलं हे आयोवा राज्य मक्यात देशात पहिलं आणि इथेनॉलमध्येही पहिलंच. हा भाजून खायचा मका नव्हे बरं का, हा कडक दाण्याचा, जनावरांना घालायचा नाहीतर कारखान्यात न्यायचा. आणि अमेरिकेत पिकणाऱ्या मक्यातला साधारण ३५ ते ४० टक्के मका आज इथेनॉलकडे जातो, म्हणजे शेवटी गाडीच्या टाकीत.

(प्लांटचं गेट, ट्रकची रांग)

ट्रक आधी काट्यावर घेतात. वरून तो दांडा खाली येतोय तो बघा, तो ट्रकमधल्या मक्यात खुपसतात, आतून मूठ-दोन मूठ दाणे खेचून घेतो आणि नळीतून थेट ऑफिसात पाठवतो. तिथे बसलेली बाई ओल बघते, दाणे फुटलेत का बघते, वास घेते. ओल जास्त निघाली की पैसे कापले. दोनेक मिनिटांचं काम, पण ड्रायव्हरचा चेहरा तेवढा वेळ खिडकीकडेच.

(प्लांटच्या आत)

आत शूटिंग करायला परवानगी मिळाली हे विशेष, म्हणून हे जरा सविस्तरच दाखवतो. आधी दाणे भरडून पीठ करतात, मग त्यात गरम पाणी आणि एन्झाइम. मक्याच्या दाण्यात मुख्य काय तर स्टार्च, एन्झाइम त्याचे तुकडे पाडून साखर करतं, आणि साखर झाली की यीस्ट सोडायचं. या उंच टाक्या दिसतायत त्यात ते अडीच-तीन दिवस आंबत राहतं. झाकणातून आत बघा, वरचा थर सारखा हलतोय, खळबळतोय, पण ढवळतंय म्हणून नाही, खालून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येतायत. काही प्लांट तो वायू पकडून शीतपेयवाल्यांना आणि ड्राय आइसवाल्यांना विकतात. टाकीत जे तयार होतं त्याला इथले कामगार सरळ बिअर म्हणतात.

मग ही बिअर कॉलममध्ये, म्हणजे उंच नळकांड्यात जाते, तिथे ती तापवतात. अल्कोहोल पाण्याच्या आधी उकळतं, ७८ अंशाला, त्यामुळे वाफ वर आणि पाणी-चोथा खाली. वरची वाफ गार केली की साधारण ९५ टक्के अल्कोहोल, राहिलेलं पाणी काढायला बारीक गोळ्यांनी भरलेली वेगळी टाकी, त्या गोळ्या पाणी तेवढं धरून ठेवतात. आणि शेवटी त्यात थोडं पेट्रोल मिसळायचं, का तर कोणी ते पिऊ नये आणि त्यावर दारूचा टॅक्स लागू नये.

हिशोब असा की एक बुशेल मका म्हणजे २५ किलोच्या आसपास, त्यातून १० ते ११ लिटर इथेनॉल आणि ७-८ किलो सुका चोथा. या चोथ्यात प्रोटीन असतं, फॅट असतं, तो पशुखाद्य म्हणून विकला जातो. त्यामुळे 'एवढा मका नुसता जाळून टाकतात' असं जे बोललं जातं ते अर्धवट आहे, हे आमच्यासारख्या, शेतात गवतालाही जागा राहावी म्हणणाऱ्या लोकांनीही मान्य करायला पाहिजे.

(पेट्रोल पंप, जुनी फुटेज)

हा सगळा पसारा आपोआप नाही वाढला. २००५ मध्ये कायदा झाला, इंधनात इतकं जैवइंधन मिसळलंच पाहिजे म्हणून, आणि २००७ मध्ये त्याचं टार्गेट एकदम मोठं केलं, त्यात मक्याच्या इथेनॉलला वर्षाला १५ अब्ज गॅलनपर्यंत जागा. २००५ च्या सुमारास बुशेलला २ डॉलर होता तो भाव २०१२ च्या दुष्काळात ८ डॉलरच्या वर गेला. सगळं श्रेय कायद्याचं नाही, दुष्काळ होता, बाकी बाजार होताच. पण भाव असा चढल्यावर शेतकऱ्याची नजर बांधापलीकडे जाणारच ना.

(गवताळ उतार, जून महिना)

बांधापलीकडे हे होतं. १९८५ च्या फार्म बिलात, म्हणजे अमेरिकेच्या शेतीच्या कायद्यात, कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम आला, इथे सगळे सीआरपी म्हणतात. माती वाहून जाते अशी उताराची, हलकी जमीन शेतकऱ्यानं १० ते १५ वर्षं पिकाखाली आणायची नाही, गवत लावायचं, सरकार वर्षाला भाडं देणार. ही योजना आणली होती माती धरायला आणि धान्याचा साठा फार झाला होता म्हणून, पाखरांचा विचार सुरुवातीला फारसा नव्हताच. पण गवत आलं आणि मागोमाग पाखरंही आली.

हा बोबोलिंक. पोटाकडून काळा, मानेमागे फिकट पिवळा, असा उलटाच रंगवल्यासारखा, आणि गातो उडता उडता. हिवाळा काढायला हा दक्षिण अमेरिकेत जातो आणि परत इथे येतो, जाऊन-येऊन २० हजार किलोमीटरच्या आसपास. घरटं मात्र जमिनीवर, गवताच्या बुडाशी छोटासा खळगा. मादी घरट्यावर थेट उतरत नाही हे बघा, लांब उतरली, आता गवतातून चालत चालत जाईल. आम्हाला घरटं सापडायला त्यामुळेच त्रास झाला. या दिवसांत इथे मशीन फिरलं तर पिल्लांना पळायला वेळच नाही, म्हणून सीआरपीच्या जमिनीवर विणीच्या हंगामात गवत कापायला बंदी असते.

(त्याच प्रकारची, पण नांगरलेली जमीन. इथे १२ सेकंद निवेदन नाही, फक्त वारा.)

२००७ मध्ये सीआरपीत ३ कोटी ६८ लाख एकर होते, २०१४ च्या फार्म बिलानं कमाल मर्यादाच २ कोटी ४० लाखांवर आणली. १९७० पासून उत्तर अमेरिकेतली माळावरची पाखरं निम्म्याहून जास्त घटलीत, त्यात कीटकनाशकं आहेत, आधीपासून मोडलेली कुरणं आहेत, एकट्या इथेनॉलवर ढकलता येणार नाही.

इंधनाच्या बाजूनंही भांडण आहेच. २०२२ मध्ये पीएनएएस या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासाचं म्हणणं, या कायद्यामुळे मक्याचे भाव ३० टक्के चढले, मक्याखालची जमीन ८.७ टक्के वाढली, आणि नवीन जमीन मोडली ती धरली तर हे इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वच्छ ठरत नाही. सरकारच्याच अर्गोन लॅबचा हिशोब बरोबर उलटा. गवतापासूनच इंधन करायचं हाही विचार झाला, अध्यक्ष बुश २००६ च्या भाषणात स्विचग्रासबद्दल बोलले होते. मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करायचा प्लांट इथेच एमेट्सबर्गला २०१४ मध्ये सुरू झाला, उद्घाटनाला नेदरलँड्सचे राजे आले होते, २०१९ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं.

(कम्बाइनची केबिन, स्क्रीन)

आता ही स्क्रीन नीट बघा, आमच्या दृष्टीनं सगळ्या शूटिंगमधला महत्त्वाचा शॉट हाच. कम्बाइन, म्हणजे हे कापणीचं यंत्र, चालता चालता कुठल्या जागी किती मका निघाला ते नोंदवत जातं. हिरवं म्हणजे चांगलं. आणि ते लाल पट्टे कुठे आहेत, उतारावर, ओलसर खोलगट भागात, कडेला. तिथे बी, खत, डिझेल तेवढंच जातं आणि मका निघतो कमी, म्हणजे भाव पडलेल्या वर्षी तिथे शेतकरी पदरचे पैसे घालतो. मग ते लाल पट्टे गवताला का देऊ नयेत?

(प्रेअरीची, म्हणजे मूळच्या गवताळ माळाची पट्टी, दोन्ही बाजूंना मका)

दिलेत काहींनी. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००७ पासून नील स्मिथ अभयारण्यात हा प्रयोग चालवलाय. शेताचा १० टक्के भाग इथल्या मूळच्या गवत-फुलांच्या पट्ट्यांना दिला तर वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांपर्यंत कमी झाली. बिग ब्लूस्टेमसारख्या गवताची मुळं दोन मीटरच्या खाली जातात, मक्याच्या ओळीतून धावत आलेलं पाणी इथे येऊन अडतं, मुरतं. पाखरं आणि मधमाश्या वाढल्या ते वेगळंच. आणि बाकीच्या ९० टक्क्यांत मका आहे तसाच, प्लांटला जायचा तो जातोच.

२०१८ च्या फार्म बिलानंतर अशा पट्ट्यांनाही सीआरपीचं भाडं मिळतं. भाडं ठरतं करार करताना, मधे मका कितीही चढला तरी तेवढंच. करार संपला की पट्टी ठेवायची की मोडायची हे शेतकऱ्याच्या हातात, आणि त्या वर्षी प्लांटच्या गेटवर काय भाव लागलाय हे तो आधी विचारणार.