थंडीत अ‍ॅव्हरेज पडलं? आधी थर्मोस्टॅट बघा

डिसेंबर-जानेवारीत परभणी-हिंगोलीकडे पहाटेचा पारा ८-१० अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. या दिवसांत पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की लोक प्लग बदलतात, इंजेक्टर साफ करून घेतात. त्याआधी एक गोष्ट बघा: गाडीत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत त्यातलं पाणी (कूलंट) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आहे का?

मराठवाड्यात हे विचारावंच लागतं. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, गाडी गरम होते आणि बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात. तापमानाचा काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मूळ दुखणं मात्र तसंच राहतं: बोअरच्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत साचलेले क्षार, झाकणाचं गेलेलं रबर, नाहीतर उशिरा लागणारा पंखा. आधी हे दुरुस्त करा, नाहीतर उन्हाळ्यात गाडी पुन्हा उकळेल.

(दृश्य: गॅसवर पातेलं. दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट पाण्यात, शेजारी थर्मामीटर.)

थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली झडप. याच्या कडेवर ८२ आकडा आहे. बघा, पाणी ८२ च्या आसपास आलं, आतलं मेण फुगलं, दांडी सरकली आणि झडप उघडायला लागली. गाडीत तोवर कूलंट इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडे जात नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. झडपच काढली तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून गार होऊन येतं. सेन्सर सांगत राहतो की इंजिन थंड आहे आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा पेट्रोल सोडत राहतो. सीएनजी किट असेल तर नुकसान आणखी मोठं. कूलंट ठरलेल्या तापमानाला येईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालते; गावातल्या गावातल्या चकरांमध्ये गॅस फार कमी वापरला जातो.

खात्रीसाठी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावा. १५-२० मिनिटं मोठ्या रस्त्यावर चालवूनही कूलंट ७० अंशांवर जात नसेल, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडाच अडकलाय.

बसवण्याचं काम इंजिन पूर्ण गार असतानाच करा. कूलंट थोडं काढून घ्या, होज सोडवा, हाउसिंगचे बोल्ट काढा, जुनं गॅस्केट खरवडून बैठक स्वच्छ करा. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि हवेचं बारीक छिद्र वर. उलटा बसला तर इंजिन उकळतं. नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिश्रणाचा कॅन असेल तर त्यात पाणी घालू नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा आणि हवा निघू द्या. हीटरमधून गार वारा येत असेल, काटा वर-खाली होत असेल, तर हवा अजून आत आहे.

बर्फाळ देशांत ग्रिल झाकतात, इंजिन आधीच गरम करणारा ब्लॉक हीटर बसवतात. आपल्याकडे ब्लॉक हीटर लागत नाही. ग्रिल तर झाकूच नका: सकाळी ९ अंश असले तरी दुपारी ३० होतात, एसीच्या कंडेन्सरला वारा लागतो.

टायरची हवा मात्र सकाळीच, गाडी पळण्याआधी तपासा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. भर दुपारी नेमकी भरलेली हवा पहाटे ३-४ पीएसआयनं कमी भरते.

ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचंच. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं तर गार सकाळी ते घट्ट असतं आणि पंपाचा भार वाढतो. इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघा, पहिले २-३ किलोमीटर हलक्या पायानं चालवा. जागेवर उभं राहून इंजिन सावकाश तापतं आणि त्या वेळात अ‍ॅव्हरेज शून्य असतं.