तुणतुण्याची एक तार

मंडळी, पत्रिकेत ‘मोनोटोनस : एका शब्दाचा प्रवास’ असं छापलंय. प्रवास वगैरे संयोजकांचं. मी एवढंच म्हणालो होतो, की या शब्दापायी माझा एक मार्क गेला, त्यावर बोलीन.

आठवीतली गोष्ट. इंग्रजीच्या पेपरात शब्दार्थ होते. ‘मोनोटोनस’पुढं मी लिहिलं, ‘तुणतुण्यासारखं’. सरांनी लाल शाईनं काट मारून वर ‘कंटाळवाणे’ लिहिलं. मी उठून म्हणालो, “सर, तुम्हीच तर म्हणता, काय तेच ते तुणतुणं लावलंय!” त्यावर जे मिळालं ते मार्कात धरत नाहीत. (हशा) साठी उलटली, ती काट काही बुजली नाही.

तसं लिहायला कारण होतं. आदल्याच आठवड्यात धाकट्या काकाच्या लग्नाचा गोंधळ झाला होता. अंगणात पाच ऊस उभे करून चौक मांडलेला. सगळी पोरं संबळवाल्याभोवती. मी तुणतुणेवाल्यापाशी बसलो, कारण तिथंच जागा होती. लाकडाचं पोकळ नळकांडं, बुडाला चामडं, बाजूला काठी, आणि चामड्यातून निघून वर खुंटीला गेलेली एकुलती तार. मी विचारलं, “बाबा, दुसरी तार कामून नाही?” खुंटी पिळत तो म्हणाला, “हिलाच ताणता ताणता पहाट होती, दुसरी कोण सांभाळील?”

तिकडं मुख्य गोंधळी माहूरच्या रेणुकेला, तुळजापूरच्या भवानीला, एकेकीला नाव घेऊन गोंधळाला बोलवत होता. ओळ तीच, गाव तेवढं बदलायचं. आजी दर नावाला हात जोडायची. मधेच ओरडली, “अरे, आमच्या शिवंवरची मरीआई राहिली की!” गाणं थांबलं, मरीआईला आवतण गेलं, मग पुढं. आता हे कंटाळलेल्या माणसाचं लक्षण आहे का, तुम्हीच सांगा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. म्हणजे व्युत्पत्ती आता पळतच.

ग्रीक ‘मोनोस’ म्हणजे एकटा. ‘टोनोस’ म्हणजे ताण, आणि ताणलेल्या तारेतून निघणारा सूरही. त्यामागचं क्रियापद ‘तेइनेइन’, ताणणं. ते आणि आपला संस्कृत ‘तन्’ धातू एकाच घरातले. म्हणजे गवयाची तान, तंतू, आणि पैठणच्या मागावरचा ताणा हे सगळे इंग्रजांच्या ‘टोन’चे भाऊबंद. टेटॅनसही त्याच गोतातला. अंग ताणलं जातं म्हणून. आपण त्याला धनुर्वात म्हणतो, तिथंही ताणलेलं धनुष्य आहेच.

पहिल्या शतकात रोमचा क्विंटिलियन, वक्तृत्वाचा मास्तर, शिष्यांना बजावतो की ग्रीक ज्याला ‘मोनोटोनिया’ म्हणतात ते टाळा, म्हणजे एकाच ताणात, एकाच पट्टीत बोलत सुटू नका. तक्रार वक्त्याची होती, तारेची नव्हे! मागच्या रांगेत एक मान डुलतेय, ती क्विंटिलियनच्या बाजूनं. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात रुळला, आणि त्याच शतकात आवाजावरून रटाळ कामाला, रटाळ दिवसांना चिकटला. तेव्हा ‘कंटाळवाणे’ चूक नाही, सरांना तेवढं देऊन टाकतो. पण तो ऐकणाऱ्याचा हाल झाला. शब्दात जे आहे ते एक, ताण आणि सूर. आणि हे तिन्ही एका जागी दाखवा म्हटलं, तर मी तुणतुण्याशिवाय दुसरं काय

दुसरी चिठ्ठी आली. हिच्यावरही तेच लिहिलंय.