मान खाली घालून फोटो काढणारे

हा कॅमेरा आधी रांगेतून फिरू द्या. डोळ्याला लावू नका. पोटाशी धरा, झाकण उघडा आणि मान खाली घालून आत पाहा. दिसलो? आता मी डावीकडे चालतो. काचेत उलट्याच बाजूला गेलो ना! आत ४५ अंशांत आरसा बसवलाय. तो खालीवर झालेलं चित्र सुलटं करतो, डावं-उजवं मात्र तसंच ठेवतो. मी पहिल्यांदा याने वरात टिपायला गेलो आणि नवरदेव घोड्यासकट चौकटीबाहेर!

आम्ही याला मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्या रोलपेक्षा मोठ्या फिल्मचा कॅमेरा, वगैरे कधी म्हटलं नाही. आमच्यासाठी तो 'एकशेवीसचा कॅमेरा'. कोडॅकने १२० नंबरचा रोल १९०१ मध्ये आणला, तोही ब्राउनी नावाच्या साध्या खोक्यासाठी. साधारण सहा सेंटिमीटर रुंद फिल्म, पाठीला काळा कागद. कागदावर आकडे, कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीतून आकडा पाहायचा आणि रोल पुढे सरकवायचा. हौशी लोकांसाठी निघालेली ही फिल्म पुढे बड्याबड्यांनी वापरली. आजही मिळते.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला फ्रांके आणि हायडेके यांनी १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स काढला. दोन भिंगं, एकावर एक. वरचं पाहायला, खालचं फोटो घ्यायला. दोन भिंगांचे कॅमेरे आधीही होते, पण चांगले ढोले. यांनी तो गळ्यात अडकवण्याजोगा केला. १९३७ च्या ऑटोमॅटमध्ये तर लाल खिडकीचीही गरज उरली नाही. नुसता कागद पातळ. फिल्म सुरू होते तिथे जाडी वाढते. ती जाडी दोन रोलरांना कळते आणि मोजणी पहिल्या फोटोपासून सुरू होते. मी हे उघडून पाहिलंय. आत वीज नाही, काही नाही, नुसती लोखंडाची अक्कल.

फोटो चौकोनी का, असं मला नेहमी विचारतात. लोकांना त्यात कला दिसते. अहो, हा कॅमेरा आडवा करून बघा. मान कुठे वळवाल? म्हणून सहा बाय सहा. उभा हवा की आडवा, ते डार्करूममध्ये ठरवायचं.

आता भिंगं. जर्मनीच्या झाइस या भिंगं बनवणाऱ्या कंपनीतल्या पॉल रूडॉल्फने १८९६ मध्ये प्लॅनर नावाचं भिंग रचलं, सहा काचांचं. कागदावर देखणं, पण काच आणि हवा जिथे भेटतात तिथे दर पृष्ठभागाला चारेक टक्के प्रकाश परततो, आणि प्लॅनरमध्ये असे आठ पृष्ठभाग. चित्र धुरकट व्हायचं. मग १९०२ मध्ये त्यांच्याच टेसार या भिंगाने बाजी मारली: चार काचा, सहाच पृष्ठभाग. प्लॅनर मागे पडलं. १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुलाने काचेवर पातळ थर चढवायची रीत काढली, परतणारा प्रकाश आटोक्यात आला, आणि पन्नाशीच्या दशकात नव्या रचनेची प्लॅनर रोलीफ्लेक्सवर बसली.

स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाडने १९४८ मध्ये वेगळीच वाट धरली. एकच भिंग, तेही बदलता येणारं. रोलचा डबाही वेगळा निघणारा. पडदा, म्हणजे शटर, पातळ पोलादाचा, सेकंदाच्या १६००व्या भागाइतका वेगवान, पण नाजूक. १९५७ च्या ५००सी या मॉडेलमध्ये पडदा पाठीतून काढून प्रत्येक भिंगाच्या पोटात घातला. वेग सेकंदाच्या ५००व्या भागावर आला, भिंगं महागली, पण फ्लॅश कुठल्याही वेगाला चालू लागला. स्टुडिओवाल्यांना आणखी काय हवं?

याचं भिंग चावी भरलेली असतानाच काढायचं. मी एकदा घाईत विसरलो. सगळं जाम! समोर नवरा-नवरी हसरे चेहरे करून उभे, आणि मी टेबलाखाली बसून बारक्या पेचकसाने स्क्रू फिरवतोय.

१९६२ मध्ये अमेरिकी अंतराळवीर वॉल्टर शिरा ५००सी घेऊन अंतराळात गेला. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या हॅसलब्लाडला ६० मिलिमीटरचं बायोगॉन भिंग होतं आणि फिल्मपुढच्या काचेवर बारीक फुल्या. आरसा नाही, पाहायची काचही नाही. हेल्मेट घातलेला माणूस मान खाली घालणार कशी? कॅमेरा छातीवर अडकवलेला. अंगच वळवायचं, अंदाजाने नेम धरायचा. बहुतेक वेळ तो आर्मस्ट्राँगकडे होता, म्हणून आपल्याला दिसतो तो ऑल्ड्रिन. परतताना वजन वाचवायला फिल्मचे डबे तेवढे आणले. कॅमेरा तिथेच आहे, भिंगासकट.