कॅमेरा कधी बंद करायचा

नमस्कार. या वाचनालयात मी गेली कित्येक वर्षं पुस्तकं बदलायला येतो. व्याख्यानमालेतही तुमच्यासारखाच समोर बसत आलो. आज बोलायला सांगितलं तेव्हा विषय मीच मागून घेतला: पाहून झाल्यावरही मनातून न जाणारे माहितीपट.

माझ्या लहानपणी टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची एक फिल्म लागायची. ही सरकारी संस्था 1948 साली उभी राहिली आणि तिच्या फिल्म दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक होतं. धरणं, कालवे, पूर, लसीकरण. लोक बाहेर चहा संपवत उभे असायचे, ‘अजून डॉक्युमेंटरीच चाललीय, होऊ दे सावकाश’ म्हणत. माझे वडील मात्र पहिल्या घंटेला आत जाऊन बसायचे, त्यामुळे मीही. त्या धरणांचे आकडे आज एकही आठवत नाहीत. एकदा डोक्यावर मातीची पाटी घेतलेली एक बाई चढणीवर मध्येच थांबली आणि सरळ कॅमेऱ्याकडे बघायला लागली, ते आठवतं. दोन-तीन सेकंदच. लगेच पुढचं दृश्य आलं, निवेदकाचा भारदस्त आवाज पुढे सरकला. ती बाई काही बोलणार होती का, हा प्रश्न माझ्याजवळ अजून आहे.

जुन्या मासिकांत या प्रकाराला ‘अनुबोधपट’ म्हणायचे. मला तो शब्द जास्त पटतो. माहिती तिथल्या तिथे मिळते, बोध मागाहून येतो, कधी कधी फारच मागाहून.

आपल्या मराठी माणसाचं या कलेशी नातं अगदी सुरुवातीपासूनचं आहे. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांनी 1899 मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनजवळ कुस्ती चित्रित केली, आणि पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परत आले तेव्हा त्यांचं स्वागतही. पण मला जास्त ओढ आहे ती दादासाहेब फाळक्यांच्या वाटाण्याची. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, विलायतेहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांना भांडवल हवं होतं आणि या यंत्रातून काय होऊ शकतं ते लोकांना दाखवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले. कोंब फुटला, वेल वर चढला, शेंगा लागल्या. ‘अंकुराची वाढ’ हे त्या फिल्मचं नाव. पडद्यावर हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं, पण त्यासाठी एक माणूस दिवसेंदिवस त्या कुंडीपाशी घुटमळला होता. ती फिल्म पाहून त्यांना कर्ज मिळालं.

मला आज जे सांगायचंय ते या कुंडीत आहे. माझ्या मनात राहिलेला प्रत्येक माहितीपट अशा कुणीतरी केलेला आहे, ज्याने वाट पाहिली.

‘हनीलँड’ घ्या. 2019 चा, उत्तर मॅसेडोनियातला. डोंगरातल्या एका ओस पडलेल्या गावात हातिजे मुरातोवा ही बाई आपल्या म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या आईबरोबर राहते. वीज नाही, रस्ता नाही. कड्यावर, भिंतींच्या फटींत तिच्या मधमाश्या आहेत. पोळ्यातला मध काढताना ती म्हणते, अर्धा मला, अर्धा तुम्हाला. हे ती माश्यांना सांगते, आणि नुसतं सांगत नाही, खरंच तेवढा मागे ठेवते. मग शेजारी एक मोठं बिऱ्हाड येतं, गुरंढोरं आणि सात मुलं घेऊन. त्या घरच्या कर्त्यालाही ती ही विद्या शिकवते. पण त्याला व्यापाऱ्याची मागणी पुरी करायची असते, घरात खाणारी तोंडं असतात. तो सगळा मध काढतो. मग त्याच्या उपाशी माश्या हातिजेच्या पोळ्यांवर तुटून पडतात. त्या माणसाचा मला राग आला नाही. सात मुलांचा बाप म्हणून तो जे करतो ते कळतं, आणि म्हणून जास्त लागतं.

दिग्दर्शक तमारा कोतेव्स्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव तीन वर्षं तिथे जात-येत राहिले. चारशे तासांहून जास्त चित्रण जमलं. हातिजे बोलते ती जुनी तुर्की बोली या दोघांना समजत नव्हती! चित्रीकरण चालू असताना कोण काय म्हणतंय याचा त्यांना नीट पत्ता नव्हता. ते फक्त बघत होते, कुणाचा हात कुठे गेला, कोण कुणाकडे न बघता उठून गेलं. संकलनही आधी नुसत्या दृश्यांवरून केलं. त्यामुळे आपणही ती फिल्म पाहताना खालची अक्षरं वाचायचं विसरतो.

दुसरं उदाहरण जड आहे. क्लोद लान्झमान यांचा ‘शोआ’, 1985 चा, साडेनऊ तासांच्या आसपासचा. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल असून त्यात त्या काळातलं एकही जुनं चित्रण नाही. प्रेतांचे ढीग नाहीत. फक्त चित्रीकरणाच्या वेळी जिवंत असलेली माणसं आणि तेव्हा तिथे उगवलेलं गवत. हे करायला त्यांना अकरा-एक वर्षं लागली. त्यात अब्राहम बोम्बा नावाचे न्हावी आहेत. त्रेब्लिंकाच्या छावणीत, विषारी वायूने मारण्याआधी बायकांचे केस कापायचं काम त्यांच्यावर लादलं होतं. लान्झमाननी त्यांना इस्राएलमधल्या एका केशकर्तनालयात उभं केलं. खुर्चीत गिऱ्हाईक, हातात कात्री. बोम्बा बोलत राहतात, कात्री चालत राहते, आवाज सपाट, जणू दुसऱ्याच कुणाची हकिगत. मग ते सांगायला लागतात की त्यांच्याच गावच्या एका न्हावी मित्रासमोर एके दिवशी त्याची बायको आणि बहीण आल्या. आणि तिथे ते थांबतात.

कात्रीचा आवाज येत राहतो. ते तोंड पुसतात, मान हलवतात. नको म्हणतात. लान्झमान सांगतात, तुम्हाला बोलावंच लागेल, आपल्याला हे करायलाच हवं. कॅमेरा बंद होत नाही. किती वेळ जातो कोण जाणे, बसल्या जागी तो फार वाटतो.

हे योग्य होतं का? आमच्या फिल्म सोसायटीत यावर रात्री उशिरापर्यंत वाद झाला होता. एक प्राध्यापिका तावातावाने म्हणाल्या की हा छळ आहे, दुखऱ्या जागी मुद्दाम बोट ठेवणं आहे. त्यांचं म्हणणं मी सहज बाजूला सारू शकत नाही. पण माझं मत विचाराल तर कॅमेरा चालू ठेवला हे बरोबर झालं. बोम्बा उठून गेले नाहीत. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितलं. तेवढा वेळ त्यांना दिला नसता तर तो मित्र, ती बायको, ती बहीण कुणालाच कळले नसते.

विलायतेतल्या ‘सेव्हन अप’बद्दल थोडक्यात सांगतो. 1964 मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनने सात वर्षांच्या चौदा मुलांना बोलतं केलं. मायकेल ॲप्टेड तेव्हा नुसते मुलं शोधायच्या कामावर होते. पुढे दर सात वर्षांनी तेच त्या सगळ्यांकडे जात राहिले, 2019 पर्यंत. त्यातला नील सात वर्षांचा असताना उड्या मारत म्हणतो, अंतराळवीर होणार, नाही जमलं तर बसचा ड्रायव्हर. अठ्ठाविसाव्या वर्षी तो बेघर होऊन स्कॉटलंडमध्ये भटकताना दिसतो. आणि पुढे नगरसेवक झालेला! कुठल्याही एका भागावर थांबलो असतो तर त्याच्याबद्दल आपण ठाम आणि चुकीचं मत करून घेतलं असतं.

आणि आता आपल्या मुंबईचं. आनंद पटवर्धन यांनी 1985 मध्ये ‘हमारा शहर’ केला, झोपडपट्ट्या पाडण्याबद्दलचा. त्यात घर पाडलं गेलेली एक बाई खुद्द फिल्म काढणाऱ्यांवरच संतापते. गरिबांची चित्रं काढून तुमचं नाव होईल, आम्हाला काय मिळणार, असा तिचा सवाल. तो भाग त्यांनी कापला नाही. त्याच फिल्ममध्ये शाहीर विलास घोगरे गातात. खड्या आवाजात, कष्टकऱ्यांची कहाणी.

बारा वर्षांनी, 11 जुलै 1997 रोजी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा जण मेले. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपल्या घरात गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधून.

पटवर्धनांनी कॅमेरा उचलला, आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला 2011 साल उजाडलं. चौदा वर्षं. तीन तासांहून लांब फिल्म, आणि तिच्यात गाणीच गाणी. कोर्टकचेऱ्या चालू आहेत, निवडणुका येऊन जाताहेत, पुढारी बाजू बदलताहेत आणि वस्तीवस्तीत कुणीतरी डफावर थाप मारतंय. पुढे कबीर कला मंच या गाणी-नाटकं करणाऱ्या गटाची तरुण पोरं दिसतात, शीतल साठे गाते, तेव्हा आपल्याला घोगऱ्यांचा आवाज आठवतो, कारण तो आपण ऐकलेला असतो. चार महिन्यांत उरकलेल्या फिल्ममध्ये ही पोरं आलीच नसती. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ही फिल्म उघड्यावर पडदे बांधून दाखवली गेली.

एक घरचं सांगतो. माझ्या आईचा एकच व्हिडिओ माझ्याकडे आहे. पाट्यावर तिळाची चटणी वाटतेय. मोबाईल नवा होता म्हणून मी सहज काढला. चाळीस सेकंद. वरवंटा पुढे-मागे होतो, ती पाण्याचा हबका मारते, कडेची चटणी बोटाने आत ओढते. मला वाटलं, झालं, आता काय, तेच तेच. बंद करायला बोट लावलं तेवढ्यात ती म्हणाली, ‘तुझी आजी की नाही...’ आणि तिथे व्हिडिओ संपतो. पुढे ती काय बोलली ते मी ऐकलं असणार, घरातच होतो. आठवत नाही. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

असो. मला दिलेला वेळ संपत आलाय आणि ग्रंथपालबाईंनी प्रोजेक्टर लावून ठेवलाय. ‘हनीलँड’ची पहिली दहा मिनिटं बघू या. हातिजे कड्याच्या अरुंद वाटेने चालत येते आणि दगडाची एक चीप बाजूला करते. तिच्या हातांकडे बघा, हातमोजे नाहीत. मागच्या रांगेतल्यांनी पुढे आलं तरी चालेल, इथे सतरंजीवर जागा आहे. आणि दारापाशी कुणीतरी तेवढा दिवा घालवा.