कर्जाच्या वहीतला आजार

मंडळी, मी तेवीस वर्षं आमच्या गावच्या कृषी पत्तीन सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, सेक्रेटरी होतो. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या अलीकडचं. कर्जाच्या रजिस्टरात 'कर्जाचं कारण' असा एक रकाना असतो. त्यात बैलजोडी, विहीर, पाइपलाइन, खत असं लिहिलेलं असतं. मीच लिहिलेलं आहे. आणि मला ठाऊक आहे, त्यातल्या कित्येक बैलजोड्या गोठ्यात आल्याच नाहीत. ते पैसे बेळगावच्या, मिरजेच्या, कोल्हापूरच्या दवाखान्यांत गेले. आजारपण हे कारण शेतीकर्जाला चालत नाही, म्हणून माणूस बैल लिहितो. दोन वर्षांनी वसुलीला गेलं की घरात माणूसही नसतो आणि बैलही नसतो.

आज मला विषय दिलाय तो असा, की सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा असावी, की ज्यानं त्यानं आपापला मेडिक्लेम काढावा. मी डॉक्टर नाही, अर्थशास्त्रज्ञही नाही. मी हप्ते गोळा केलेला माणूस आहे. त्यामुळे हप्त्यापासूनच सुरुवात करतो.

२००३ साली कर्नाटकात यशस्विनी योजना आली. सहकारी सोसायटीच्या सभासदांसाठी, माणशी महिन्याला पाच रुपये, म्हणजे वर्षाला साठ. हृदयाचे सर्जन डॉ. देवी शेट्टींची ती कल्पना, सरकारनं भर घातली आणि सोसायट्यांनी घरोघर फिरून पैसे गोळा केले. आमच्या गावात ते काम माझ्याकडे होतं. साठ रुपयांत ऑपरेशन होतं यावर पहिल्या वर्षी कुणाचा विश्वास बसेना. मग गल्लीतल्या एका बाईचं हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं, ती चालत घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पायरीवर लोक पैसे घेऊन उभे होते. तो दिवस मी विसरणार नाही.

पण पुढं काय झालं तेही सांगायला हवं. साठाचे एकशेवीस झाले, नंतर आणखी वाढले. हप्ता वाढला तसे सभासद गळायला लागले. गळाले कोण? तरणी, धडधाकट माणसं. "मला काय झालंय, कशाला भरू?" असं म्हणणारी. राहिले कोण? ज्यांच्या घरात आधीच कुणीतरी आजारी होतं ते. मग खर्च वाढला, की हप्ता आणखी वाढणार, की आणखी धडधाकट माणसं बाहेर. विम्याच्या पुस्तकात याला काही भारी नाव असेल, मी ते माझ्या पावतीपुस्तकात बघितलं. आणि त्यात ती माणसं वाईट नव्हती. पाच माणसांच्या घराला सहाशे रुपये म्हणजे आमच्याकडे लावणीच्या दिवसांत मोठी रक्कम होती.

शिवाय यशस्विनी होती ऑपरेशनची योजना. बीपीची गोळी, शुगरची गोळी, तापाचं सलाईन, खोकल्याचा एक्सरे, यातलं काही तिच्यात बसत नव्हतं. २०१८ साली ती बंद करून आरोग्य कर्नाटक योजनेत मिसळली, आणि २०२२च्या अखेरीस पुन्हा सुरू केली. मधली चार वर्षं लोक मला रस्त्यात अडवून विचारत, "सेक्रेटरी, आपलं कार्ड चालतं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता खाजगी विम्याकडे येतो. आपल्या देशात मेडिक्लेम आला १९८६ला, सरकारी विमा कंपन्यांचा. खाजगी कंपन्यांना दार उघडलं २०००च्या सुमारास. ज्याच्याकडे पगार आहे, शहरात चांगला दवाखाना जवळ आहे, त्याला त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. माझ्या मुलानंही आम्हा दोघांना त्याच्या पॉलिसीत घेतलं. पुढं माझ्या पत्नीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. बिल एक लाख ऐंशी हजार, कंपनीनं दिले एक लाख बारा. का, तर खोलीचं भाडं पॉलिसीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि खोलीच्या प्रमाणात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, सगळंच कापलं. ती अट पॉलिसीत छापलेली होती, कंपनीनं फसवलं असं मी म्हणणार नाही. पण अॅडमिट होताना 'दुसरी खोली शिल्लक नाही' असं सांगितल्यावर, पोटात कळा येणाऱ्या बायकोला घेऊन उभा असलेला कुठला माणूस कलम वाचत बसेल? बाजारात टोमॅटो महाग असले तर आपण वांगी घेतो. दवाखान्यात तसं होत नाही. तिथं काय घ्यायचं ते विकणारा ठरवतो, आणि घेणारा घाबरलेला असतो.

पूर्वीपासून असलेल्या आजाराला विमा लागू होईपर्यंत थांबायचा काळ पूर्वी चार वर्षांपर्यंत असायचा, २०२४ साली तो जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. २०२५च्या सप्टेंबरमध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढला. चांगल्या गोष्टी आहेत. पण एक लक्षात घ्या. मेडिक्लेमचा हप्ता भरणाऱ्याला जुन्या करपद्धतीत आयकरात सूट मिळते, म्हणजे त्याच्या विम्याला सरकार हातभार लावतंच. आमच्या गावच्या रोजगारी बाईला आयकर नाही म्हणून सूटही नाही, पण ती काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत सगळ्यावर कर भरते. 'माझ्या करातून दुसऱ्याचं औषध का' असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून बघावा.

मग सरकारनं काढलेला विमा? इथं मला कर्नाटकाचंच उदाहरण द्यायचंय, कारण ते आपल्या भागाच्या जवळचं आहे. २०१०ला उत्तर कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री सुरू झाली. बीपीएल कार्ड असलं की झालं. हप्ता नाही, नावनोंदणी नाही. हृदय, कर्करोग, मूत्रपिंड असल्या मोठ्या आजारांवर मोफत उपचार. दक्षिणेत ती नंतर गेली. तेव्हा काही संशोधकांनी त्या उत्तर-दक्षिण सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची गावं तपासली. योजनेत येणाऱ्या आजारांनी होणारे गरिबांचे मृत्यू अलीकडच्या गावांत ६४ टक्क्यांनी कमी निघाले. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. मी हा आकडा वाचला तेव्हा वही बंद करून बराच वेळ बसलो होतो. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एक रेघ ओढली आणि रेघेच्या कुठल्या बाजूला तुमचं घर आहे त्यावर तुमचं मरण ठरलं. त्यात चाललं काय, तर हप्ता काढून टाकला ते. कार्ड असेल त्याला विचारलंच नाही की तू धडधाकट आहेस का, पैसे आहेत का.

रेघेचं दुःख आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? निपाणीचा माणूस आजारी पडला की चाळीस किलोमीटरवरच्या कोल्हापूरला सीपीआर या सरकारी दवाखान्यात जातो. अथणी, उगारची माणसं मिरजेला जातात, तिथल्या वॉन्लेस दवाखान्यात त्यांचे आजोबाही जात होते. आम्ही खानापूरवाले चोर्ल्याच्या घाटानं गोव्याला, बांबोळीला. आजार राज्य बघून येत नाही, पण योजना राज्य बघूनच येते. २०१८ साली बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजनं बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना पैसे आकारायला सुरुवात केली. त्यांच्या कराच्या पैशावर त्यांचा दवाखाना चालतो, त्यांची अडचण मला कळते. पण आमच्याकडच्या माणसाला बांबोळीला का जावं लागतं, हा प्रश्न गोव्याला विचारायचा नाही, आपल्या सरकारला विचारायचा आहे.

आणि २०२३ची गोष्ट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली. सीमाप्रश्नावर माझं मत काय ते तुम्हाला माहीत आहे, ते मी लपवत नाही. पण त्या दिवसांत मी एका आजीबाईंच्या घरी गेलो होतो. त्यांच्याकडे कर्नाटकाचं कार्ड होतं, महाराष्ट्राच्या योजनेचा अर्जही भरून ठेवला होता. त्यांना आजार होता बीपीचा. महिन्याला औषधाच्या दुकानात पैसे मोजून गोळ्या घ्यायच्या, आणि हात तंगला की एकाआड एक दिवस घ्यायच्या. दोन्ही योजना अॅडमिट झाल्यावरच्या. म्हणजे लकवा मारून आजी पडल्या असत्या तर दोन सरकारं त्यांच्यासाठी भांडली असती. लकवा न मारण्याची गोळी मात्र त्यांनी स्वतःच्या पैशानं घ्यायची.

माझं सगळं म्हणणं या गोळीपाशी आहे. कार्ड कुठल्याही रंगाचं असो, ते दवाखान्याच्या दारात सुरू होतं. पण आजार घरात सुरू होतो.

हे आपल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी, सर जोसेफ भोर यांच्या समितीनं सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहता कामा नये, आणि त्यासाठी गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रं हवीत. २०११ला डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या समितीनं पुन्हा तेच सांगितलं. पैसा करातून उभा करा, जास्तीत जास्त पैसा प्राथमिक सेवेवर खर्च करा, औषधं मोफत द्या. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं उद्दिष्ट लिहिलं. २०२१-२२ला, करोनाच्या काळातसुद्धा, तो १.८४ टक्के होता. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४च्या ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ला ३९ वर आला, हे खरं आणि आनंदाचं आहे. पण शंभरातले एकोणचाळीस अजून माझ्या कर्जाच्या वहीतून जातात.

निपाणीच्या विडी कामगार बायकांकडे जरा बघा. १९७६च्या कायद्यानं विड्यांवर उपकर बसला. त्या पैशातून त्यांच्यासाठी दवाखाने चालायचे. हजार विड्यांमागे थोडे पैसे, आणि बाईला हप्ता नाही. २०१७ला जीएसटी आला आणि तो उपकर गेला. तंबाखूच्या धुळीनं खोकणारी बाई तिथंच आहे. वेल्समध्ये ट्रेडेगर नावाच्या गावात खाणकामगार असाच पगारातून थोडा थोडा पैसा टाकून डॉक्टर आणि दवाखाना चालवायचे. त्याच गावचा अन्युरिन बेव्हन पुढं मंत्री झाला आणि १९४८ साली त्यानं अख्ख्या ब्रिटनला तशी सेवा दिली. फरक एवढाच, की तिथं गावचं ते देशाचं झालं, आणि आपल्याकडे गावचं होतं तेही गेलं.

कुणी म्हणेल, ब्रिटनमध्ये आज लाखो लोक रांगेत आहेत. आहेत. २०२५ साली एकट्या इंग्लंडच्या यादीत सत्तर लाखांच्या वर नोंदी होत्या. आपल्याकडे रांग दिसत नाही, कारण ज्याला परवडत नाही तो रांगेत येतच नाही, घरी पडून राहतो. भीमगडच्या जंगलातल्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, त्याची नोंद कुठल्या यादीत असते?

आणि आपण गरीब आहोत, हे उत्तरही मला पटत नाही. थायलंडनं २००१-०२ला तीस बाहतची, म्हणजे दवाखान्याच्या एका भेटीला तिथल्या चलनात फक्त तीस द्यायचे अशी, योजना काढली तेव्हा तो देश श्रीमंत नव्हता. त्यांनी दर माणसामागे ठरावीक रक्कम त्याच्या भागातल्या दवाखान्यांच्या जाळ्याला द्यायला सुरुवात केली, माणूस आजारी पडो न पडो. म्हणजे दवाखान्याचा फायदा कशात, तर माणूस बरा राहण्यात. आपल्या पॅकेजच्या पद्धतीत ऑपरेशन झालं तरच पैसे. गर्भाशय काढलेल्या तिशीतल्या बाया आपल्या भागात किती आहेत, ते इथं बसलेल्या आशाताईंना विचारा. त्या माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. मी त्याच्याशी भांडणार नाही. पण गावची शाळा गळते म्हणून आपण शाळाच नको म्हणत नाही, पंचायतीत जाऊन कौलं मागतो. दवाखान्याचं मात्र आपण कधी मागितलंच नाही. ज्याला आवाज आहे तो मेडिक्लेम काढून बाजूला झाला, आणि उरले त्यांचा आवाज बेंगळुरूपर्यंत जात नाही.

आमच्या पुढच्या ग्रामसभेत मी तीन प्रश्न लेखी देणार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत. आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर रुग्णवाहिका कुठपर्यंत येणार. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलाय, म्हणजे भाषेच्या कारणावरून परत येऊ नये. नकला बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत, गावाचं नाव तेवढं मोकळं सोडलंय.