भिंतीला टेकवायचा नाही

(पडद्यावर: उघडी सुटकेस. कपड्यांच्या तळाशी तिरपी ठेवलेली लांब नळी.)

ताई परवा पहाटे न्यू जर्सीहून पुण्यात आली. सुटकेसमध्ये वर मुलांचे कपडे, बाजूला बदामाची पाकिटं, आणि तळाशी, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, चादरीत गुंडाळलेली ही नळी. सरळ ठेवली तर मावत नव्हती. "तुझ्या काठीपायी माझे दोन जोड बूट तिकडेच राहिले," ताई म्हणाली. विमानतळावर लाल मार्गाने जाऊन शुल्कही तिनेच भरलं. ती पावती रबरबँड लावून नळीवरच आहे.

ह्या काठीची, म्हणजे पूल ह्या टेबलावरच्या खेळात चेंडू मारायच्या क्यूची, मी सात वर्षं वाट बघितली. नळी अजून उघडलेली नाही. त्याआधी काकांबद्दल सांगायला हवं.

(पडद्यावर: जुनं पूल पार्लर. हिरवं टेबल, वर लोंबणारा दिवा.)

२००३ साली, कॉलेज सुटलं की मी इथे यायचो. तासाचे पैसे आम्ही चौघं मिळून भरायचो. गल्ल्यावर काका बसलेले असत, अजूनही असतात. त्यांच्या डोक्यावर वर्तमानपत्रातून कापून फ्रेम केलेला विल्सन जोन्स यांचा फोटो. जोन्स पुण्यात जन्मले, १९२२ मध्ये. १९५८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद जिंकलं. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. काका आम्हाला हे महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे, आणि आम्ही दर वेळी ऐकायचो.

क्यूवर माझी मूठ फार घट्ट असायची. एक दिवस काका उठून टेबलापाशी आले. म्हणाले, "आरतीला निरांजन कसं धरतोस? पडू द्यायचं नाही, पण ज्योतही हलता कामा नये. तसा धर." मला आजवर कुणी क्यू धरायला शिकवलं असेल तर ते त्या एका वाक्यात.

पहिल्या पगारातून मी कारखान्यात बनलेला एक क्यू विकत घेतला. जुलै महिना होता. खेळून झालं की तो पार्लरच्या भिंतीला टेकवून ठेवायचो. पंधरा दिवसांत टेबलावर घरंगळवून बघितला तर पुढचं टोक उड्या मारत चाललेलं. वाकला होता. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. तिरका टेकवलेला असला की स्वतःच्याच भाराने ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला बसतो. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भिंतीला टेकवायचा नाही रे. आडवा ठेव, नाहीतर उभा टांग."

(पडद्यावर: लेथ मशीन. लाकडाचा बारीक भुगा उडतोय.)

पुढे नोकरीने मला फिलाडेल्फियाजवळ नेऊन टाकलं. तिथून दोन तासांवर एक कारागीर आहेत. त्यांचं नाव मी घेत नाही. कॅमेरा नको, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. तुम्ही बघताय ती लेथ माझ्या एका मित्राची आहे, काम मात्र त्यांच्याकडे बघितलं तसंच दाखवलंय.

अमेरिकेत ह्या धंद्यातले लोक जॉर्ज बालाबुश्का हे नाव घेताना जरा सावरून बसतात. जन्म १९१२, रशियातला. लहानपणी अमेरिकेत आले, हातात सुतारकी. १९५९ मध्ये ब्रुकलिनमध्ये भागीदारीत एक पूल हॉल घेतला आणि लोकांचे मोडके क्यू दुरुस्त करता करता स्वतःच बनवायला लागले. पहिले काही तर नाताळात मित्रांना भेट म्हणून दिले. १९७५ मध्ये ते गेले. बटाचे, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाचे, जोडीव दांडे ते बाहेरून आणत. आधी ब्रन्सविक कंपनीचे, नंतर बर्टन स्पेन आणि गस झॅम्बोटी यांच्याकडचे. हे झॅम्बोटी पेनसिल्व्हेनियाचे, आणि पुढे तेही तितकेच नावाजले. म्हणजे एका कारागिराच्या क्यूमध्ये दुसऱ्याचा हात आधीपासून असतो. मला ही गोष्ट फार आवडते.

आता काम बघूया, कारण सात वर्षं कुठे जातात ते इथेच कळतं.

क्यूचे दोन भाग. मागचा जाड, तो बट. पुढचा निमुळता, तो शाफ्ट. दोन्ही पिनेने एकमेकांत फिरवून जोडायचे. लांबी ५८ इंच. शाफ्ट कडक मेपलचा. उत्तर अमेरिकेतलं, ज्याच्या रसाचा गोड पाक करतात तेच झाड. चौकोनी तुकडा आधी गोल करतात, साधारण एक इंच जाडीचा. शेवटी टोकाला तो १३ मिलिमीटर उरायला हवा. एका दिवसात होण्यासारखं काम आहे. पण करायचं नसतं. वाढताना झाडाच्या आत ताण साठलेला असतो. वरचा थर काढला की ताण सुटतो आणि लाकूड सरकतं. म्हणून लेथवर एका वेळी अगदी थोडं कापायचं, मग टांगून ठेवायचं. काही आठवडे, कधी काही महिने. सरकायचं तेवढं सरकू द्यायचं. मग पुन्हा थोडं.

त्यांच्या शेडमध्ये छताला शेकडो शाफ्ट उभे टांगलेले होते, आपल्याकडे बियाण्याची मक्याची कणसं आढ्याला टांगतात तसे. प्रत्येकावर पेन्सिलने तारीख. एक काढून त्यांनी दोन बोटांत अधांतरी धरला, नखाने टिचकी मारली आणि माझ्या कानाशी आणला. तो वाजला. बराच वेळ वाजत राहिला. दुसरा घेतला, तो नुसता थप्प झाला. असे थप्प करणारे त्यांच्या परसात टोमॅटोच्या रोपांना आधाराला जातात.

(पडद्यावर: बटावरची चार काळी टोकं, अगदी जवळून.)

इथे जरा थांबा. ही काळी टोकं रंगवलेली नाहीत. मेपलच्या दांड्यात चार बाजूंनी व्ही आकाराच्या खाचा पाडतात. खाच एकीकडे खोल, आणि पुढे उथळ होत होत संपते. तिच्यात एबनीची पट्टी बसवायची, मध्ये रंगीत लाकडाचे पातळ पापुद्रे. एबनी म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी. सरस वाळला की सगळा दांडा लेथवर गोल करायचा, आणि त्या पट्टीतून भाल्याच्या फाळासारखं टोक आपोआप वर येतं. कारागिराची परीक्षा इथे असते: चारही टोकं एकाच उंचीवर संपली पाहिजेत. एखादं वर-खाली झालं तर लपवायला जागा नाही.

मुठीवर आयरिश लिननचा दोरा. एकेकाळी हाच दोरा मासे पकडायच्या गळाला लावत. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याच रोपाच्या देठातून हा धागा निघतो. घाम पितो, हात घसरू देत नाही.

ऑक्टोबर २०१७ मध्ये मी नाव नोंदवलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला, मला त्यांच्या टेबलावर तासभर खेळायला लावलं. वजन लिहून घेतलं, साडेएकोणीस औंस. "पाच वर्षं तरी," ते म्हणाले. ह्या व्यवसायात हे नवल नाही. लास वेगासच्या साउथवेस्ट ह्या क्यू बनवणाऱ्यांच्या क्यूसाठी लोकांनी दहा-दहा वर्षं वाट बघितली आहे.

२०२० मध्ये मी पुण्याला परत आलो. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांची मेल आली. "तुमच्या बटाचा पुढचा भाग सरकला आहे, कागदाच्या जाडीइतका. मी तो कापून टाकला. नवा सुरू करतो."

चार वर्षं झाली होती. मी रागाने दोन परिच्छेद लिहिले, कागदाच्या जाडीने काय बिघडतं म्हणून. पण पाठवले नाहीत. रात्री झोप लागेना तेव्हा तो जुना क्यू आठवला, टेबलावर उड्या मारत जाणारा. सकाळी ते परिच्छेद पुसले आणि लिहिलं, करा.

त्या मेलच्या शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला होता, वजन तेच ठेवायचं ना? मी काट्यावर पार्लरमधले क्यू मोजून बघितले. चार वर्षांत खांदा दुखायला लागला होता, मी नकळत हलके क्यू उचलत होतो. एकोणीस, असं कळवलं. मी मागितला होता तो क्यू वेळेवर आला असता, तर आज मला जड झाला असता.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. सामना जिंकायला हे लागत नाही. आज मोठमोठे खेळाडू कार्बन फायबरचे शाफ्ट वापरतात. ते पावसात वाकत नाहीत, दुकानातून त्याच दिवशी घरी येतात, आणि उत्तम असतात. मला तरीही लाकूड हवं होतं. टिप, म्हणजे शाफ्टच्या टोकाचं चामडं, आणि चेंडू एकमेकांना सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा वेळ भेटतात. काय झालं ते कळायच्या आत पांढरा चेंडू निघून गेलेला असतो. पण त्या भेटीची खबर लाकडातून मागे येते, मुठीपर्यंत. चुकलं तर कसं चुकलं तेही हाताला सांगते. ती खबर मला लाकडाकडूनच ऐकायची आहे.

(पडद्यावर: नळीचं झाकण उघडतं. पाच सेकंद निवेदन नाही.)

हा बट. हा शाफ्ट. आणि ही चिठ्ठी, तिची मला कल्पना नव्हती. माझ्या शाफ्टवर लेथ जेव्हा जेव्हा फिरली, त्या सगळ्या तारखा त्यांनी एकाखाली एक लिहिल्या आहेत. नऊ तारखा. पहिली मार्च २०१८. ऑक्टोबर २०१९ ची एक आहे. तेव्हा बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मी इकडे आलो होतो. एप्रिल २०२० ची एक. आम्ही दारं लावून घरात बसलो होतो, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि त्या दिवशी तिकडे एका शेडमध्ये हे लाकूड केसभर बारीक झालं.

चार टोकं मी भिंगाखाली बघितली. चारही एकाच रेषेवर. दोन भाग जोडून सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही.

(पडद्यावर: पार्लर. संध्याकाळ. बाहेर रिक्षांचा आवाज.)

पहिला शॉट काकांनी मारावा अशी माझी इच्छा होती. ते आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, खेळणं सोडलेलं. "नको रे, माझा हात थरथरतो," म्हणाले. मी क्यू पुढे धरूनच राहिलो. मग त्यांनी चष्मा वर सरकवला, वाकले, आणि पांढरा चेंडू समोरच्या गादीवर हलकेच पाठवला. चेंडू गेला तसाच परत आला आणि टिपेपासून चार बोटांवर थांबला. ते वाकलेलेच राहिले, कान लाकडाकडे.

"वाजतोय," काका म्हणाले.

मी खडू आणायला गल्ल्यापाशी गेलो. वळून बघितलं तर दोन पावलांवर रिकामी भिंत होती, आणि काका तिच्यापासून लांब, टेबलाच्या मध्यावर, क्यू दोन्ही तळहातांवर आडवा घेऊन उभे होते.